घार आभाळातली, पिल्लं परसातली

"किती झाली, आई?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

तिन्हीसांजेला पिल्लं मोजायचं काम आमच्या सासूबाईंचं. कोंबडी पिल्लांना घेऊन खुराड्याशी आली की त्या मागच्या पायरीवर बसतात आणि एकेक पिल्लू आत जाईल तसा ओठांतल्या ओठांत आकडा म्हणतात. एरवी माझ्या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं. त्या दिवशी आलं नाही. मी हात पुसत बाहेर आले, तर त्या खुराड्याचं दार लावून तशाच बसलेल्या.

"सातच गो," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊ सोडली होती."

गेल्या वर्षीच्या माघातली ही गोष्ट. खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी बसवली होती. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली तेव्हा आमच्या घरात बारशाइतका आनंद झाला होता. आठ दिवसांत त्यांतली चार गेली. पुढच्या आठवड्यात आणखी तीन गेली. एक तर माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. अंगणात सावली सरकल्यासारखी वाटली, कोंबडी किंचाळली, आणि मान वर करून बघेपर्यंत घार माडाच्या शेंड्यावरून पार झाली होती. तिच्या पायांत पिवळा ठिपका तेवढा दिसला.

तुम्ही म्हणाल, चार-सहा पिल्लांचं एवढं काय घेऊन बसलात? मैत्रिणींनो, मलाही आधी तसंच वाटत होतं. मी बी. ए. झालेली, इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, तासिका तत्त्वावर. सासूबाईंच्या कोंबड्या म्हणजे मला त्यांचा विरंगुळा वाटायचा. अंगण घाण होतं म्हणून मी कुरकुरतही असे.

पण त्या कोंबड्यांमागे एक पत्र्याचा डबा आहे, हे मला उशिरा कळलं.

३ जून २०२० या दिवशी आमच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि आमच्या दापोली, मंडणगडच्या बागा त्यानं अक्षरशः आडव्या केल्या. आमच्या घरावरचं छप्पर उडालं. पावसाळा दारात आणि डोक्यावर आभाळ! तेव्हा पत्र्यांसाठी पैसे कमी पडले म्हणून सासूबाईंनी कानांतल्या कुड्या काढून दिल्या. त्यांच्या आईनं लग्नात घातलेल्या कुड्या. "पुन्हा करू," असं हे म्हणाले खरे, पण मुलांच्या फिया, दुरुस्त्या, आजारपणं यांत ते राहूनच गेलं. सासूबाईंनी मात्र मुलाला एकदाही आठवण केली नाही. अंड्यांचे आणि शिमग्याला विकलेल्या कोंबड्यांचे पैसे त्या डब्यात टाकत राहिल्या. सोन्याचा भाव पुढे पळतो आणि डबा मागून चालतो. पण कोणापुढे हात न पसरता जमवलेला पैसा आहे तो. माझा तासिकांचा पगार उशिरा का होईना, हातात आला की मला जे वाटतं, तेच त्यांना दहा-बारा रुपयांना एक गावठी अंडं विकताना वाटत असणार. हे लक्षात आल्यावर मग मला अंगणाची घाण दिसेनाशी झाली!

सांगणारे पुष्कळ

सात पिल्लं गेल्याचं कळल्यावर सल्ले द्यायला माणसांची वाण पडली नाही. शेजारचा मुलगा बेचकी घेऊन हजर झाला. ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तर मेलेल्या पिल्लात उंदराचं औषध भरून गच्चीवर ठेवायला सांगितलं. "दोन दिवसांत आभाळ साफ," म्हणाले.

हा सल्ला तुम्हालाही कोणी देईल, म्हणून आधीच सांगते. असलं काही चुकूनही करू नका. पहिली गोष्ट, विष घारीचं नाव वाचून पोटात जात नाही. तेच पिल्लू मांजर खाईल, कुत्रा खाईल, कावळा त्याचा तुकडा नेऊन कोणाच्या तरी विहिरीच्या काठावर टाकेल. आपलीच कोंबडी ते टोचेल, आणि ती अंडी आपणच मुलांच्या ताटात वाढू. दुसरी गोष्ट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घार, शिक्रा यांसारख्या पक्ष्यांना मारणं, पकडणं, विष घालणं किंवा त्यांचं घरटं मोडणं हा गुन्हा ठरवला आहे. त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यानं उपयोगही होत नाही. चांगली शिकारीची जागा रिकामी झाली की दुसरी घार ती धरते. शिवाय हीच घार शेतातले आणि उकिरड्यावरचे उंदीर उचलते, तेव्हा तिला कोणी शाबासकी देत नाही!

बेचकीवाल्या मुलाला मी घरात बोलावून लाडू दिला आणि बेचकी ठेवून घेतली.

चोर नक्की कोण?

औषधाआधी दुखणं ओळखावं लागतं. पिल्लू गेलं की आपण सगळा दोष घारीला देऊन मोकळ्या होतो. पण खुणा पाहिल्या तर चोर पुष्कळ वेळा वेगळाच निघतो.

दिवसाढवळ्या पिल्लू नाहीसं झालं, मागे रक्त नाही, पीस नाही, तर तो उडणारा चोर समजावा. घार, शिक्रा किंवा डोमकावळा. घार आपण सगळ्याच ओळखतो. मोठी, तपकिरी, आणि उडताना शेपटीला मधोमध खाच दिसते. किनाऱ्यावर आणखी एक घार असते. डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपटी गोलसर. ती ब्राह्मणी घार. तिचा ओढा मासे, खेकडे, बेडूक यांच्याकडे जास्त. कोंबडीच्या पिल्लाच्या वाटेला ती क्वचितच जाते. तेव्हा तिच्या नावानं बोटं मोडू नका.

शिक्रा मात्र फार बेमालूम चोर. पारव्याएवढाच असतो, वजनानं पाव किलोच्या आतला. पाठ राखाडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर गडद पट्टे. तो घारीसारखा आभाळात घिरट्या घालून वर्दी देत नाही. झाडाच्या पानांत गप्प बसतो आणि अंगणावरून बाणासारखा निघून जातो. आपल्याला वाटतं, पारवा गेला.

रात्री खुराड्यातून कोंबडी गेली असेल, तर घारीचा त्यात काही संबंध नाही. ती रात्री झोपते. तिथे रानमांजर, कांडेचोर किंवा साप शोधा आणि खुराड्याच्या फटी बुजवा. दिवसा एकाच वेळी तीन-चार पिल्लं माना चावून टाकलेली दिसली, तर ते मुंगूस. आणि मोठी कोंबडी अंगणातच मारून पिसं उपटलेली असेल, तर आधी गल्लीतल्या कुत्र्याकडे बघा. साधी घार किलोच्या आतबाहेरची असते. वाढलेली कोंबडी तिला उचलत नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बायकांना मोरघारीसारख्या मोठ्या शिकारी पक्ष्याची भीती असते, आपल्या गावातल्या परसात ती कमी.

म्हणजे खरी काळजी कोणाची, तर पिल्लांची. आणि तीही पहिल्या सहा आठवड्यांची. सहा आठवड्यांत गावठी पिल्लू पाव किलोच्या आसपास भरतं, पाय पळते होतात, नजर तयार होते. तेवढे दिवस निभावले की निम्म्याहून जास्त लढाई जिंकली.

आमंत्रण माझंच

आता माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय लेख खरा होणार नाही.

आमच्याकडे हर्णै बंदराची ताजी मासळी दारात येते. मांदेली-बांगडे साफ केले की डोकी, आतडी मी मागच्या गडग्यावर टाकत असे. घार यायची आणि अलगद उचलून न्यायची. धाकट्या लेकीला त्याची फार मौज. मग मी तिच्यासाठी एकेक तुकडा वर उडवायला लागले, आणि घार तो हवेतल्या हवेत झेलायला लागली! लेक टाळ्या वाजवायची. असा कार्यक्रम आम्ही पावसाळ्यानंतर चार महिने केला.

पिल्लं जायला लागल्यावर एका रविवारी मी मासळीची वाटी घेऊन मागचं दार उघडलं. अजून तुकडा टाकलाही नव्हता. घार आधीच विजेच्या खांबावर येऊन बसली होती आणि दाराकडे बघत होती. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. अंगणात पिल्लं टिपत होती. गडगा आणि पिल्लं यांत पंधरा पावलांचं अंतर. मीच तिला रोज वेळेवर जेवायला बोलावत होते, मग ताटात काय वाढलं आहे हे तिनं का बघू नये?

त्या दिवसापासून मासळीचं खरकटं खड्ड्यात पुरतो आणि वर माती, राख लोटतो. माडाच्या बुंध्याशी पुरलं तर माडालाही चांगलं. पहिले आठ-दहा दिवस घार येऊन बसायची, वाट बघून जायची. मग कमी झाली.

उकिडवं बसून वर बघा

पण एवढ्यानं सगळा उलगडा होत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "घारी काय आज आल्या? माझं लग्न होऊन आले तेव्हापासून घारी आहेत. तेव्हा दहातली आठ पिल्लं जगायची." मग मधल्या काळात बदललं काय?

उत्तर त्यांच्याच बोलण्यात सापडलं. त्या पूर्वी कोंबड्या फणसाखाली चरायच्या म्हणत. फणस, दोन रायवळ आंबे आणि गडग्याकडेची करवंदीची जाळी. निसर्ग वादळात फणस आणि आंबे गेले. पडलेली झाडं ओढून काढताना जाळीही तुटली. मग आम्ही अंगण छान सारखं करून घेतलं. माणसाला ऐसपैस झालं, कोंबडीला उघडं पडलं.

कोंबडी मुळात रानातली. तिचे पूर्वज आग्नेय आशियातल्या दाट जंगलांतले तांबडे रानकोंबडे. आणि आपल्या कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग तर करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असं शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे सह्याद्रीच्या झाडीत पहाटे आरवतो त्याच्याकडून! झुडपाखाली चरायचं आणि वर सावली हलली की आत घुसायचं, हे तिच्या रक्तातच आहे. पण घुसायला जागा तर हवी!

एक सोपी परीक्षा सांगते. आपल्या परसात जा, कोंबडी जिथे चरते तिथे उकिडव्या बसा आणि वर बघा. जेवढं आभाळ तुम्हाला दिसेल, तेवढ्या आभाळातून घारीला पिल्लू दिसतं. मी बसले तेव्हा मला सगळं आभाळच दिसलं.

म्हणून पहिला उपाय आडोशाचा. पिल्लाला कुठूनही आठ-दहा पावलांत डोकं घालायला जागा मिळाली पाहिजे. झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, तोवर हे करता येतं:

• जुनी बाज, मोडका पाट, फळकुटं चार विटांवर ठेवा. खालची उंची वीतभर असली की पिल्लं आणि कोंबडी दोघं मावतात.

• नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून बांबूवर तिरके टेकवा. दोन्ही बाजू उघड्या ठेवा, नाहीतर मुंगसाला आयता बोगदा मिळतो.

• अळू, हळद, कर्दळ ही दाट पानांची झाडं सांडपाण्यावर एका मोसमात उभी राहतात. कडेला अडुळसा, जास्वंद लावा. लिंबाचं काटेरी झुडूप तर उत्तम, त्यात शिक्राही घुसायला कचरतो.

• पावसाळ्यात घोसाळी, पडवळ, काकडीचा मांडव घाला. वर भाजी, खाली कोंबड्या. खत मिळतं ते वेगळंच.

वेळ आणि डालगं

दुसरा उपाय वेळेचा, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि त्या हवेवर घारी पंख न हलवता तरंगतात. म्हणून साधारण नऊ-दहापासून दुपार कलेपर्यंत त्यांचा पहारा आभाळात असतो. शिक्रा सकाळी आणि उतरत्या उन्हात जास्त फिरतो. आता एवढं सगळं टाळलं तर पिल्लं सोडायची कधी? तर घरातलं माणूस अंगणात असेल तेव्हा. मी शाळेला जायच्या आधी भांडी मागच्या पायरीवर घासते, तो एक तास. संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बाहेर बसतात, तो दुसरा. बाकी वेळ पिल्लं आईसकट डालग्याखाली.

डालगं सावलीत ठेवा, आणि वर धोंडा ठेवायला विसरू नका. कावळा डालग्याच्या भोकातून चोच घालून पिल्लू ओढतो, म्हणून विण बारीक असलेलं घ्या. आत पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात दोन-चार खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही.

आमच्याकडच्या जुन्या बायका कोंबडीच्या पायाला मऊ दोरी बांधून ती झुडपाखालच्या खुंटीला बांधत. पिल्लं आईला सोडून लांब जात नाहीत, त्यामुळे सगळा संसार आडोशाला राहतो. युक्ती चांगली आहे. फक्त दोरी पायाला काचत नाही ना आणि खुंटीभोवती गुंडाळली जात नाही ना, हे मधून मधून बघावं. आणि कुत्रं फिरत असेल तिथे हे करू नये, कारण बांधलेली कोंबडी पळणार कुठे?

जाळ्याची गोष्ट

तिसरा उपाय जाळ्याचा. यात मी दुसरी चूक केली.

आमच्या मासळीवालीकडून मी जुनं नायलॉनचं जाळं आणलं. देताना ती म्हणाली, "ताठ बांध हां. सैल जाळं धरतं, ताठ जाळं राखतं." मी हो हो म्हटलं. शाळेची घाई होती, चार बांबूंवर कसंबसं अडकवलं आणि गेले. मधे जाळं झोळीसारखं लोंबत होतं.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. जाळ्यात एक शिक्रा अडकलेला. पंख गुरफटलेले, चोच उघडी, आणि ते तांबडे डोळे आमच्यावर रोखलेले. याच्याच जातभाईंना पंधरा दिवस सासूबाई शिव्या मोजत होत्या. मला वाटलं, आता काठी आणतात की काय. त्या आत गेल्या आणि आपलं जुनं लुगडं घेऊन आल्या. हळूच त्याच्या डोक्यावर टाकलं. डोळे झाकल्याबरोबर तो गप्प झाला. त्यांनी लुगड्यावरूनच त्याचे पाय धरले आणि मला म्हणाल्या, "कात्री आण. ओढू नको, काप."

मी एकेक धागा कापला. हात थरथरत होते. माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं, मुठीएवढं अंग सगळं. पंख मोडला नव्हता. गडग्यावर ठेवून लुगडं काढलं, तर क्षणभर बसला आणि गेला. सासूबाई म्हणाल्या, "मेल्याला पिल्लं असतील घरी." मग जरा थांबून, "पण माझ्यावर का डोळा?"

खरंच, ही वेळच तशी असते. घारींची घरटी साधारण याच दिवसांत माड, वडांवर असतात, शिक्र्याची त्यामागून उन्हाळ्यात. आणि आपणही पावसाळा टाळून पिल्लं याच दिवसांत काढतो. आईच्या मायेला घारीची उपमा आपणच देतो ना? दोन्हीकडे आयाच, आणि दोघींना एकाच वेळी भूक लागलेली पोरं.

तर जाळ्याबद्दल शिकले ते असं. जाळं पत्र्यासारखं ताठ बांधावं, हातानं दाबलं तर परत वर आलं पाहिजे. बारीक पारदर्शक धाग्याचं घेऊ नये, जाड दोऱ्याचं, नजरेला दिसणारं घ्यावं. वर जुन्या साडीच्या पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे पक्ष्याला लांबूनच अडथळा कळतो. पडलेला पाला आठवड्याला झाडावा, नाहीतर त्याच्या वजनानं झोळ पडतो. बाजूंनीही बंद करावं, कारण शिक्रा खालून शिरतो. जाळं नसेल तर हिरवी शेडनेट उत्तम. त्यात काही अडकत नाही आणि सावलीही मिळते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद एवढा तुकडा एका कोंबडीला आणि तिच्या पिल्लांना पुरतो. नुसत्या सुतळ्या हात-हातभर अंतरावर ताणल्या तरी घार उतरत नाही, कारण तिचे पसरलेले पंख पाच फुटांच्या आसपास भरतात. शिक्र्याला मात्र सुतळी अडवत नाही. आणि पतंगाचा मांजा कधीही वापरू नका. तो पक्ष्याचे पंख कापतो आणि पोरांचे गळेही.

असा पक्षी कुठे जखमी सापडला तर डोक्यावर फडकं टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. पाणी पाजायच्या, भरवायच्या भरीस पडू नका. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवा.

चकचकीत सीडी, रंगीत फिती, बुजगावणं यांबद्दल पुष्कळजणी विचारतात. पहिले काही दिवस उपयोग होतो, मग घार सरावते. लावायचंच असेल तर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. मेलेला कावळा टांगायची जुनी रीत मात्र सोडून द्या. २०२१ च्या जानेवारीत आमच्या दापोलीतल्याच मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवूसुद्धा नये. त्याच कारणानं कोंबड्यांचं दाणापाणी छपराखाली ठेवावं, म्हणजे वरून रानपाखरांची विष्ठा त्यात पडत नाही.

फुकटचे पहारेकरी

शेवटी पहारेकऱ्यांबद्दल. "अंडी देत नाही, नुसता खातो" म्हणून आपण कोंबडा विकून टाकतो. पण कान देऊन ऐका. जमिनीवरून कुत्रा-मांजर आलं तर कोंबडी तुटक तुटक ओरडत राहते. आणि आभाळात घार दिसली की कोंबडा एकच लांब, बारीक हाक देतो. ती वेगळी हाक असते. ती ऐकली की पिल्लं असतील तिथे दबतात किंवा आडोशाला धावतात. मला आता स्वयंपाकघरात फोडणी घालतानाही ती हाक कळते! आमच्याकडे अंडी विकत घेऊन उबवलेली, आईविना वाढवलेली पिल्लं काहीजणी आणतात. त्यांना हाक देणारं कोणी नसतं. ती महिन्या-दीड महिन्याची झाल्यावरच मोकळी सोडावीत.

जात निवडतानाही विचार करावा. पांढरीशुभ्र कोंबडी हिरव्या अंगणात लांबून दिसते. तांबूस, करडी, ठिपक्यांची मिसळून जाते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या कोंबडपालनासाठी तयार केलेली 'वनराज' रंगीत पिसांची आणि लांब पायांची आहे, ती याचसाठी सोयीची. आपली गावठी तर हुशारच असते.

आणि दुसरा पहारेकरी कोतवाल. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, तारेवर बसलेला असतो तो. घार किंवा शिक्रा त्याच्या हद्दीत आला की हा एवढासा पक्षी त्याच्या पाठीवर टोचत त्याला गावाबाहेर घालवतो. नाव उगाच पडलेलं नाही! परसातलं एखादं वाळकं झाड त्याला बसायला ठेवून द्या. कावळेही घारीवर तुटून पडतात. फक्त हा शिपाई स्वतःच अंडी चोरतो, तेव्हा त्याच्यावरही एक डोळा असू द्या.

तर अशी आमची दुसरी खेप. चैत्रात दहा पिल्लं निघाली. एक जन्मतःच अशक्त होतं, ते गेलं. उरलेली नऊच्या नऊ दोन महिन्यांची झाली. संध्याकाळी सासूबाई पायरीवर बसायच्या आणि मी मुद्दाम बाहेर येऊन त्यांच्याबरोबर मोजायची. घारी अजूनही आमच्या आभाळात आहेत. शिक्राही कधीतरी माडावर दिसतो. आम्ही दोघीही त्याच्याकडे बघतो, पण आता पिल्लं कुठे आहेत ते ठाऊक असतं.

कुड्या अजून झालेल्या नाहीत. पण यंदा तासिकांचा पगार झाला तेव्हा मी त्यातले थोडे पैसे डब्यात टाकायला गेले. सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "हे तुझे. त्यात माझे मिसळू नको. तू मला फणसाचं रोप आण."

रोप लावलं आहे. यंदाच्या पावसात हातभर वाढलं. त्याची सावली पडेपर्यंत डालगं आहे, झाप आहेत, आणि आम्ही दोघी आहोत.

तुमच्याकडे याहून वेगळी काही युक्ती असेल, तर जरूर कळवा.